मुरुडच्या वाळूतले एकवीस किलोमीटर

माझ्या डाव्या पायाचा गुडघ्याखालचा चौदा सेंटिमीटर भाग माझा आहे. त्याच्या पुढचा पाय कारखान्यात तयार झालेला असून बुटासकट त्याचं वजन दोन किलो शंभर ग्रॅम आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर लोक तोंडाने पाऊसपाण्याबद्दल बोलतात आणि नजर पॅन्टच्या डाव्या पायावर ठेवतात. अकरा वर्षांपूर्वी एका वळणावर माझी मोटारसायकल घसरली आणि समोरून टेम्पो आला. चूक कोणाची किती टक्के याचा हिशेब मी केलेला आहे. सत्तर टक्के माझी होती.

मी जमीन मोजणीच्या खात्यात आहे. अपघाताच्या आधी मी प्रत्यक्ष मोजणीवर जायचो. कातळावरून, बांधावरून, कलमांच्या बागांतून दिवसाला बारा ते पंधरा किलोमीटर चालणं व्हायचं. अपघातानंतर साहेबांनी दयाबुद्धीने मला टेबल दिलं. टेबल चांगलं आहे, खिडकीजवळ आहे. पण दुसऱ्याने चालून आणलेले आकडे मी अकरा वर्षं बसून तपासतो आहे. ताटावर बसून दुसऱ्याच्या जेवणाची चव विचारण्यासारखंच ते.

म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी अर्धमॅरेथॉन होणार असल्याचा निरोप मोबाईलवर आला, तेव्हा मी तो तीनदा वाचला. अंतर एकवीस किलोमीटर सत्त्याण्णव मीटर. वेळेची मर्यादा साडेतीन तास. मर्यादेच्या वेगाने एक गाडी सगळ्यांच्या मागून येणार आणि जो तिच्या मागे पडेल त्याला उचलून आत बसवणार. दिव्यांगांसाठी स्वतंत्र गट. नावनोंदणी फुकट.

मी फुकटचं म्हणून नाव दिलं, असं माझी बायको सगळ्यांना सांगते. ते खरं नाही. निदान पूर्ण खरं नाही.

आता दापोलीत सपाट एकवीस किलोमीटर आणायचे कुठून? आमच्याकडे रस्ता एकतर चढतो, नाहीतर उतरतो. चढावर माझं फारसं अडत नाही, पण उतारावर कृत्रिम पायाचा घोटा दुमडत नाही आणि माणूस पुढे कोसळत जातो. सपाट म्हणजे फक्त समुद्रकिनारा, आणि तोही ओहोटीचा. ओहोटीला मुरुडची ओली वाळू इतकी घट्ट होते की पुण्याचे पर्यटक तिच्यावर मोटारी घालतात. मग भरती येते आणि मोटारी तिथेच राहतात.

ओहोटीची वेळ काढायला मला कुठलंही यंत्र लागलं नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे माझ्या हर्णेच्या सासुरवाडीत तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे साडेसातला ओहोटी. पावणेसहाला सुरुवात केली तर सव्वानवापर्यंत वाळू आपली. अष्टमीला ओहोटी ऐन बारा वाजता. ती पर्यटकांना सोडून दिली. असं मांडत गेल्यावर निघालं की लांब पल्ल्याचा सराव महिन्यातून दोनदाच होईल, दोन्ही द्वितीयांना. मी कालनिर्णयासारखं भिंतीवरचं पंचांग काढून त्या तारखांना निळ्या पेनाने गोल केले. बायकोने ते बघितलं आणि विचारलं, "हे उपास कसले धरलेत?"

सुरुवातीचे दोन महिने मी तीन, पाच, आठ किलोमीटर असं वाढवत गेलो. अंतर मोबाईल सांगायचा. पण एकाच झाडापासून एकाच खांबापर्यंत मी तीनदा धावलो आणि त्याने तीन वेगळे आकडे दिले. एकदा तर नकाशावर माझी रेघ पाण्यातून गेलेली. जो साक्षीदार तीन वेळा तीन साक्षी देतो त्याच्या भरवशावर मी बांध हलवत नाही, मग शर्यत कशी ठरवणार?

"कचेरीतली लांब फीत एक दिवस आणा की," बायको म्हणाली.

"ती सरकारी आहे."

"वाळू खाजगी आहे का?"

फीत मी आणली नाही. बाजारातून पाच मीटरची पोलादी फीत घेतली आणि मेव्हण्याच्या होडीवरचा एक जुना नायलॉनचा दोर मागून आणला. तो अंगणात ताणून, तीनदा मोजून, बरोबर पंधरा मीटरला कापला. अशा शंभर दोऱ्या म्हणजे दीड किलोमीटर. दीड किलोमीटरच्या चौदा खेपा म्हणजे एकवीस किलोमीटर. वरच्या सत्त्याण्णव मीटरना सहा दोऱ्या आणि सात मीटर फीत. कागदावर सगळं बिनचूक होतं.

पण मोजायला जायच्या आठवड्यात माझ्या पायाला फोड आला. कृत्रिम पायाची एक वाटी असते, सॉकेट म्हणतात तिला. उरलेला पाय तिच्यात घट्ट बसवायचा. आत मोज्याची एक सुरकुती राहिली तरी पाचशे पावलांत फोड येतो. डॉक्टरांनी बारा दिवस पाय घालायचा नाही म्हणून सांगितलं. वेळ वाया जाऊ नये म्हणून मी कुबड्या घेऊन मुरुडला गेलो, सुरूच्या बनात सावलीला बसलो आणि मोजणी घरच्यांवर सोपवली. मोजणाऱ्याने जागेवर हजर असावं, हा आमच्या खात्यातला पहिला नियम. मी हजर होतो. फक्त बसून होतो.

दोराचं एक टोक मेव्हण्याकडे, दुसरं बायकोकडे. मोजायला सासूबाई. त्यांची निवड मीच केली, आणि विचार करून केली. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई पन्नास वर्षं हर्णे बंदरावर मासळी घेऊन विकतायत. शाळेत एक दिवस गेल्या नाहीत, पण तीन गिऱ्हाइकांशी एकाच वेळी भांडताना त्यांचा आकडा चुकत नाही. तरीसुद्धा मी खबरदारी घेतली. दर दोरीला एक शिंपली टोपलीत टाकायची, असं सांगितलं.

"माझ्यावर इश्वास न्हाय?" त्यांनी विचारलं.

"आहे आई. शिंपल्या कचेरीच्या सवयीसाठी."

"बरं. तुमच्या कचेरीला शिंपल्या देते."

तासाभराने ते तिघं वाकड्या सुरूपासून मोडक्या सिमेंटच्या खांबापर्यंत जाऊन परत आले. मी टोपली मांडीवर घेऊन शिंपल्या मोजल्या. शंभर. पुन्हा मोजल्या. शंभर. मी वहीत लिहिलं: १५०० मीटर, पडताळणी केली. खाली सही केली.

बायकोने त्याच दिवशी स्वतःची अट घातली. फोड बघून ती घाबरली होती, आणि घाबरली की ती चिडते. "हे बघा," ती म्हणाली, "आधी इथे साडेतीन तासांच्या आत करून दाखवा. एकदा तरी. मग तिकडे जा. नाहीतर भर रस्त्यात, सगळ्या लोकांसमोर तुम्हाला धरून त्या गाडीत बसवणार. ते मी बघणार नाही."

अट रास्त होती. मी मान्य केली. शर्यतीच्या आधी चार द्वितीया होत्या, म्हणजे चार संधी.

आश्विन वद्य द्वितीया: तीन तास एक्कावन्न मिनिटं.

त्या पहिल्या दिवशी आठव्या खेपेला किनाऱ्यावरची तीन कुत्री मागे लागली. पळणाऱ्याच्या मागे लागायचं हा कुत्र्यांचा धर्म आहे, त्यात गैर काही नाही. त्यातल्या तांबड्याने झेप घेऊन पाय धरला. डावा. मी थांबलो आणि त्याला सावकाश चावू दिलं. दोन-तीनदा दात रोवून पाहिल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो मी तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिलेला आहे: प्रकरणात काहीतरी खोट आहे, पण नेमकी कुठे ते कळत नाही. त्याने पाय सोडला आणि दूर जाऊन बसला. तिथे डॉल्फिन बघायला आलेलं एक कुटुंब उभं होतं. त्यातल्या बाई किंचाळत आल्या, "अहो काका, रक्त येतंय का?"

"नाही," मी म्हटलं, "याला येत नाही."

त्या तशाच उभ्या राहिल्या. खुलासा करायला थांबलो असतो तर आणखी दोन मिनिटं गेली असती. कुत्र्याची साडेतीन मिनिटं आधीच गेली होती.

कार्तिक शुद्ध द्वितीया म्हणजे भाऊबीज. मेव्हणा सकाळी सात वाजता हर्णेहून नवा शर्ट घालून आमच्या घरी आला, तर दाराला कुलूप. बहीण माझी वेळ मोजत मुरुडच्या वाळूत बसलेली. तो तिथे आला आणि उपाशीपोटी तिच्या शेजारी बसला. दर खेपेला मी जवळून गेलो की ओरडायचा, "भावोजी, किती राहिल्या?"

"सहा!"

"माझ्या पोटात कावळे हायत!"

"त्यांना सांग, सहा झाल्यावर या!"

तीन तास शेहेचाळीस. बहिणीने त्याला वाळूतच ओवाळलं. वाऱ्याने निरांजन तीनदा विझलं.

कार्तिक वद्य द्वितीया: तीन बेचाळीस.

मी काय कमी केलं नव्हतं? घामाने पाय सॉकेटमध्ये घसरतो म्हणून थांबून, पाय काढून, पुसून, मोजा बदलून परत घालायचा सराव केला. पहिल्यांदा नऊ मिनिटं लागली होती, ती चार मिनिटं वीस सेकंदांवर आणली. हातात धरायची पाण्याची बाटली सोडली, तिचं वजन सहाशे ग्रॅम. स्वतःचं वजन चार किलोने कमी केलं. त्यात भाताचा वाटा मोठा होता. कोकणात राहून भात सोडणं काय असतं ते ज्याने सोडलाय त्यालाच ठाऊक. रोज संध्याकाळी नळाखाली पाय धुऊन घोट्यातली वाळू काढायची, नाहीतर चालताना तो कुरकुरतो. बायको म्हणायची, "घरात कोण आलं ते मला बेल वाजायच्या आधी कळतं."

मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया. शेवटची संधी. वारा नव्हता, कुत्री झोपलेली, वाळू फरशीसारखी. मी जीव लावून धावलो. म्हणजे माझं धावणं: चारशे पावलं पळायचं, शंभर चालायचं, मनात मोजत. चौदावी खेप आणि पुढचे सत्त्याण्णव मीटर संपवून मी वळलो तेव्हा बायको मोबाईलकडे बघत होती. तिने काही बोलायच्या आधीच मला कळलं.

"तीन अडतीस," ती म्हणाली.

आठ मिनिटं. दर द्वितीयेला चार-चार, पाच-पाच मिनिटं कमी करत मी आठ मिनिटांवर येऊन थांबलो होतो, आणि द्वितीया संपल्या होत्या. पुढची द्वितीया शर्यतीनंतर येणार होती. मी वाळूत बसून पाय काढला. तिने पाण्याची बाटली दिली. "छान केलंत," ती म्हणाली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हे तिने तोपर्यंत एकदाही म्हटलं नव्हतं. तेव्हाच मी समजलो की प्रकरण निकाली निघालं.

अट मी मोडणार नव्हतो, आणि तिलाही ते माहीत होतं. त्यामुळे त्यावर आम्ही बोललो नाही. दोन दिवसांनी, शनिवारी संध्याकाळी, सासूबाईंना सांगायला म्हणून हर्णेला गेलो. त्यांनी शर्यतीच्या दिवशी बाजार बंद ठेवायचं ठरवलं होतं. त्यांना वेळेत कळायला हवं होतं.

बंदरावर लिलाव चालू होता. होड्या लागल्या होत्या, वाळूत मासळीचे ढीग, प्रत्येक ढिगाभोवती माणसांचं कडं. सासूबाई एका कडेला बसून एका खाणावळवाल्याला बांगडे मोजून देत होत्या. आम्ही मागे उभे राहिलो. गिऱ्हाईक सोडून त्या ब्रह्मदेवाशीही बोलत नाहीत.

दोन्ही हातात एकेक बांगडा धरून त्या टोपलीत टाकत होत्या. दोन, चार, सहा, आठ. वीस झाले. मग त्यांनी आणखी एक बांगडा उचलला, टोपलीत टाकला आणि पुढे मोजायला लागल्या: बावीस, चोवीस, सव्वीस. चाळीस झाले. आणखी एक टाकला. त्याचा आकडा उच्चारला नाही.

मी ते बघत राहिलो. साठ झाले, एक पडला. खाणावळवाल्याने हूं की चूं केलं नाही.

"आई," मी म्हटलं.

"थांबा जावयबुवा. बहात्तर, चौऱ्याहत्तर..."

शंभर झाले, एक पडला, खाणावळवाला गेला. मग मी विचारलं, "हा विसानंतर टाकता तो कसला?"

"तो वरचा."

"मोजत नाही तो?"

"वरचा कोण मोजतं?"

"आई," मी शक्य तितक्या शांतपणे म्हटलं, "मुरुडला दोरी मोजलीत, तेव्हा..."

"मग?" त्या म्हणाल्या. "विसाला एक वर सोडलाच की."

"शिंपली नाही टाकलीत त्याची?"

"वरच्याला कसली शिंपली?" त्यांनी हात पुसले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना भेसळीबद्दल विचारलं होतं. "पन्नास वर्सं परक्या माणसाला वर एक देते. नि घरच्या जावयाला काटेकोर मापून देऊ? लोक काय म्हणतील?"

माझ्या मागे बायको मटकन एका उलट्या टोपलीवर बसली. मला वाटलं चक्कर आली. ती हसत होती. इतकी हसत होती की आवाज निघत नव्हता, आणि शेजारच्या कोळणींनी लिलाव सोडून माना वळवल्या.

मेव्हणा जाळं गोळा करत होता. त्याला मी बोलावलं. "दोराचं टोक तुझ्या हातात होतं. तुला कळलं नाही?"

"कळलं की."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं भावोजी, तुमच्या खात्यातही तशीच पद्धत आसंल."

"आमच्या खात्यात विसाला एक वर सोडला असता, तर आज तुझ्या घराची पडवी शेजाऱ्याच्या विहिरीत असती."

"म्हणूनच तो भांडतो काय?" त्याने गंभीरपणे विचारलं.

मी खिशातून कागद काढला. शंभर दोऱ्यांना पाच वर. एका खेपेला पंच्याहत्तर मीटर जास्त. चौदा खेपांना एक हजार पन्नास मीटर. म्हणजे चार द्वितीया मी एकवीस नाही, बावीस किलोमीटर धावलो होतो. फक्त शेवटचे सत्त्याण्णव मीटर बरोबर होते. तिथे सहाच दोऱ्या होत्या, विसापर्यंत गोष्ट गेलीच नव्हती. तीन अडतीसला त्या प्रमाणात कापलं की येतात तीन तास सत्तावीस मिनिटं चाळीस सेकंद.

मी तो कागद बायकोसमोर धरला. "दोन मिनिटं वीस सेकंद आत."

तिने डोळे पुसले. "अट करून दाखवायची होती. हिशेब करून दाखवायची नव्हती."

हे तिचं बरोबर होतं, आणि मला त्याचाच राग आला. "शिवाय," मी म्हटलं, "ही सरासरी झाली. शेवटी शेवटी मी हळू झालेलो असतो, म्हणजे काढून टाकलेला तुकडा सरासरीपेक्षा जास्त वेळ खाणारा होता. खरा आकडा सत्तावीसपेक्षाही कमी."

"तुमच्या आकड्यांना मी कधी हरवलंय?" ती म्हणाली. "पण त्या रस्त्यावर आकडा धावणार नाही. तुम्ही धावणार."

तिचं हसणं पूर्ण ओसरलं होतं. मला दिसलं की तिला तो फोड दिसतोय, ती गाडी दिसतेय, आणि गाडीच्या खिडकीत मी.

सासूबाई बांगड्यांवर बर्फ टाकत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "काय गो, तू मागितलंस किती?"

"एकवीस."

"नि त्यांनी दिलं किती?"

"बावीस."

"मग सौदा मोडायचा कोणी? जास्त माल घेऊनशान वर तोंड वाकडं करतेस?"

बंदरावर पन्नास वर्षं निवाडे केलेल्या बाईचा हा निवाडा होता. बायको उठली, पदर झटकला. "जा," मला म्हणाली. "पण मी रस्त्याकडे पाठ करून उभी राहीन. आधीच सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः दोराचं मागचं टोक धरून, स्वतः मोजत, पुन्हा मोजणी केली. एक हजार पाचशे चौऱ्याहत्तर मीटर साठ सेंटिमीटर. चाळीस सेंटिमीटर मी वाळूच्या नावावर टाकले. आधीची सही खोडून दुरुस्तीची सही केली.

शर्यतीच्या आदल्या दिवशी छातीवर लावायचा क्रमांक घ्यायला गेलो. टेबलावरच्या मुलीने यादी बघितली. "तुमच्या गटात तुम्ही एकटेच आहात काका. म्हणजे पहिला नंबर पक्का."

"शेवटचाही पक्का," मी म्हटलं. "दोन्ही लिहून ठेवा."

सकाळी सहाला सुरुवात झाली. डांबरी रस्ता वाळूपेक्षा वेगवान निघाला, आणि सोळाव्या किलोमीटरला मी मर्यादेच्या चार मिनिटं पुढे होतो. मला स्वतःचं कौतुक वाटू लागलं, आणि नेमकं तेव्हाच सॉकेटमध्ये पाय घसरला. घाम. पुढे चाललो असतो तर फोड ठरलेला. कठड्यावर बसलो, पाय काढला, घाम ओतला, पुसलं, मोजा बदलला, पाय चढवला. घड्याळ पाहिलं: चार मिनिटं वीस. बरोबर सरावाइतकी. उठलो, तर मागून गाडी येऊन ठेपलेली.

ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "बसा काका. खिडकी रिकामी आहे."

आत तिघं बसले होते, दोन्ही पाय शाबूत असलेले, माझ्यापेक्षा निम्म्या वयाचे, केळी खात. "या काका," त्यातला एक म्हणाला, "लाजू नका, आम्हीपण आहोत."

"वेग किती ठेवलाय?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"ताशी सहा. क्लच जळायला आलाय माझा."

"सहाच ठेवा. कमी करू नका, जास्तही करू नका."

आणि मी निघालो. मला आता घड्याळाची गरज नव्हती. पाठीमागे इंजिनाचा आवाज जवळ आला की मी उशिरा, लांब गेला की मी वेळेत. पाच किलोमीटर तो आवाज कधी दहा पावलांवर, कधी तीस. चारशे पळायची, शंभर चालायची, ही पद्धत सोडून दिली. दुखायला लागलेला पाय मोजू देत नव्हता. दोन हजारांनंतर आकडा हरवला. आयुष्यात मोजताना आकडा हरवल्याची माझी ही पहिली वेळ. ड्रायव्हर मधूनच हॉर्न वाजवायचा. प्रोत्साहन की कंटाळा, ते मी विचारलं नाही. केळीवाल्यांनी मात्र शेवटच्या किलोमीटरला खिडकीतून ओरडायला सुरुवात केली: "काका, मागे बघू नका! काका, गाडी पंक्चर करू का?"

शेवटच्या वळणावर मला सासूबाईंचा आवाज ऐकू आला. बंदरावरचा आवाज तो, दोन होड्यांपलीकडे पोचणारा. समाप्तीच्या कमानीजवळ त्या उभ्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी, सांगितल्याप्रमाणे, रस्त्याकडे पाठ करून चहाच्या टपरीकडे तोंड केलेली माझी बायको.

"गो, गाडी आली!"

"आत कोण आहे?" बायकोने मान न वळवता विचारलं.

"तिघं हायत."

"त्यात हे आहेत का?"

सासूबाईंनी डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं. घाई त्यांना माहीतच नाही. "न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्ये गाडीच्या म्होरं हायत."

कमानीखालून मी गेलो तेव्हा गाडी माझ्या मागे किती होती ते मी पाहिलं नाही. सरळ बायकोच्या पाठीशी जाऊन उभा राहिलो. ती वळली. हातात मोबाईल, त्यावर तिने सुरुवातीपासून लावलेली वेळ, नुकतीच थांबवलेली. म्हणजे पाठ केली होती, पण कान नव्हते फिरवले. तिने मोबाईल माझ्यासमोर धरला. तीन तास, एकोणतीस मिनिटं, बारा सेकंद.

तिचे डोळे भरले होते, म्हणून तिने आवाज चढवला. "अठ्ठेचाळीस सेकंद उरवलेत! काय करणार होतात त्यांचं?"

"बसणार होतो," मी म्हटलं, आणि टपरीच्या बाकावर बसलो.